हांसणारा खंड्या

आठवीच्या वर्गांत एकदां आम्हीं सहज विचारलें, "कूकाबुरा म्हणजे काय, कोणास ठाऊक आहे काय?" क्षणाचाही विलंब न लागतां मागच्या बांकावरून उत्तर आलें, "चेंडू, सर! पांढरा चेंडू!" वर्ग हांसला, आणि आम्हांसही हांसूं आवरलें नाहीं, कारण उत्तर अगदींच चुकीचें होतें असें म्हणतां येत नव्हतें. ऑस्ट्रेलियांतील ज्या कारखान्याचे चेंडू क्रिकेटच्या आंतरराष्ट्रीय सामन्यांत वापरतात, त्या कारखान्यानें आपल्या मालास एका पक्ष्याचें नांव दिलें आहे, आणि आमच्या विद्यार्थ्यांची त्या पक्ष्याशीं ओळख त्या चेंडूवरील ठशापुरतीच होती. ऑस्ट्रेलियाच्या पुरुषांच्या हॉकी संघासही हेंच नांव आहे, असें एका मुलीनें मागाहून सांगितलें. पक्षी मात्र कोणींच पाहिला नव्हता. आम्हींही पाहिला नव्हता, हें कबूल करणें प्राप्त होतें.

त्या दिवशीं हा विषय निघाला तो निबंधाच्या तासास. निबंध होता 'भावंडांचें प्रेम' यावर. एका जुन्या पुस्तकांत आम्हीं वाचलें होतें कीं, ऑस्ट्रेलियांत खंड्याच्या जातीचा एक पक्षी असून त्याचीं मोठीं झालेलीं पिलें आईबापांस सोडून न जातां धाकट्या भावंडांस भरवितात. दाखला निबंधास शोभणारा होता. तो आम्हीं फळ्यावर लिहून दिला. इतकेंच नव्हे तर भरीस पडून असेंही बोलून गेलों कीं, येत्या दिवाळीच्या सुटींत आम्ही ब्रिस्बेन येथें आमच्या वडील भगिनीकडे जाणार आहों, तेव्हां या आदर्श कुटुंबाचें छायाचित्र काढून आणूं. शिक्षकानें दिलेला गृहपाठ मुलें संध्याकाळपर्यंत विसरतात, परंतु त्यानें दिलेलें वचन तीं वर्षभर विसरत नाहींत. ही गोष्ट सन २०२४ मधील.

ब्रिस्बेन हें क्वीन्सलंड राज्याच्या राजधानीचें शहर. आपल्याकडे शरद ऋतु असतो तेव्हां तेथें वसंत असतो. त्यामुळें आम्ही पोंचलों त्या वेळीं रस्त्यांच्या दुतर्फा नीलमोहर बहरून खालीं जांभळा सडा पडला होता. भगिनी तेथील एका रुग्णालयांत परिचारिका असून तिचें घर शहराच्या पश्चिमेस, कूट-था नामक टेकडीच्या बाजूस आहे. परसामागें एक ओहोळ, आणि ओहोळापलीकडे निलगिरीच्या जातीच्या उंच झाडांचें रान. प्रवासानें थकून आम्ही लवकर निजलों, तों पहाटे साडेचारच्या सुमारास एकाएकीं जाग आली. जत्रेंतील कनातींत सोंगाड्याच्या एखाद्या कोटीवर पन्नास माणसें एकदम हांसावींत, तसा आवाज खिडकीबाहेरून येत होता. ब्रिस्बेनचें घड्याळ आपल्या घड्याळाच्या साडेचार तास पुढें असतें. म्हणजे आमच्या शरीराच्या हिशेबानें ती बरोबर मध्यरात्र होती. भाचा दाराशीं येऊन म्हणाला, "मामा, घाबरूं नका. कूकाबुरा आहेत ते. रोजच हांसतात." स्वयंपाकघरांतून ताई म्हणाली, "या घरांत आल्यापासून आम्हीं गजराचें घड्याळ लावलेलें नाहीं बघ." त्या देशांत प्रथम वस्ती करणाऱ्या गोऱ्या लोकांनींही या पक्ष्यास 'वसाहतवाल्यांचें घड्याळ' असें म्हटलें होतें, आणि रागाच्या भरांत 'हांसरें गाढव' असेंही म्हटलें होतें. आज प्रचारांत असलेलें नांव मात्र तेथील मूळ रहिवाशांचें आहे. न्यू साउथ वेल्सच्या अंतर्भागांतील विरादुरी लोकांच्या भाषेंत या पक्ष्यास 'गूगूबारा' म्हणतात. काव काव करतो तो कावळा, तसाच हा प्रकार.

दुसऱ्या पहाटेस आम्ही आधींच उठून परसांत जाऊन बसलों. तेव्हां त्या हास्याची रचना नीट ध्यानांत आली. आरंभीं एकच पक्षी घशांतल्या घशांत, उचकी लागल्यासारखा दबका आवाज काढतो. तो आवाज हळूहळू चढत जातो. मग पक्षी मान मागें टाकून, चोंच आकाशाकडे करून, शेपटी उभारून मोकळ्या गळ्यानें खदखदा हांसूं लागतो, आणि शेजारच्या फांदीवरील दुसरा, तिसरा, चौथा त्यांत आपला सूर मिसळतो. हा गदारोळ थोडा वेळ चालून थांबतो न थांबतो तोंच टेकडीच्या बाजूनें दुसऱ्या टोळीचें उत्तर येतें, आणि तिच्याही पलीकडून तिसरीचें. ऐकणारास वाटावें कीं, सगळ्या रानास कोणीतरी एकच विनोद सांगितला आहे. वस्तुतः यांत आनंदाचा संबंध नाहीं. प्रत्येक कुटुंबाची स्वतःची हद्द ठरलेली असते, ती बारा महिने राखावी लागते, आणि 'ही जमीन आमची, आम्ही इतकेजण येथें आहों' असा पुकारा दिवसाच्या दोन्ही सांधींस करावा लागतो. आपल्याकडे सात-बाराचा उतारा तलाठ्याच्या दप्तरांत असतो. कूकाबुराचा सात-बारा रोज पहाटे व सायंकाळीं तोंडानें वाचला जातो. पुष्कळ जणांनीं हा आवाज नकळत ऐकलेलाही असेल. १९३० नंतरच्या काळांत हॉलीवुडमध्यें टारझनचे जे चित्रपट निघाले, त्यांतील अरण्याच्या देखाव्यांस याच हास्याची जोड दिलेली आहे. टारझनचें अरण्य आफ्रिकेंतलें आणि हा पक्षी आफ्रिकेंत मुळींच नाहीं. परंतु चित्रपटवाल्यांनीं भूगोलाच्या परीक्षेस बसलें पाहिजे असा कोठें नियम आहे?

ऑस्ट्रेलियन लोकांचें या पक्ष्यावर प्रेम फार. १९१४ सालीं त्याचें चित्र टपालाच्या तिकिटावर आलें. १९३२ सालीं मेलबर्न येथील मेरियन सिंक्लेअर नांवाच्या एका शिक्षिकेनें त्याच्यावर लहानसें गाणें रचलें, तें पुढें बालवीर व वीरबालांच्या शिबिरांतून जगभर गेलें. २००० सालच्या सिडनी येथील ऑलिंपिक सामन्यांच्या तीन बोधप्राण्यांत एक कूकाबुरा होता.

आतां पक्ष्याविषयीं. आपल्या विहिरीच्या रहाटावर किंवा विजेच्या तारेवर बसणारा, तपकिरी डोक्याचा, पांढऱ्या गळ्याचा व झगझगीत निळ्या पाठीचा खंड्या विद्यार्थ्यांच्या नित्य पाहण्यांतला आहे. त्याची लांबी सुमारें २८ सेंटिमीटर असते. कूकाबुरा त्याच्याच कुळांतील, परंतु लांबी ४५ सेंटिमीटरच्या आसपास आणि वजन बहुधा ३०० ते ४५० ग्रॅम. वजनाच्या मानानें जगांतील खंड्यांत त्याचा क्रमांक पहिला मानितात. डोकें व छाती मळकट पांढऱ्या रंगाचीं, डोळ्यावरून मागें जाणारा रुंद तपकिरी पट्टा, पाठ गडद तपकिरी, पंखांवर फिकट निळे ठिपके, शेपटीवर तांबूस व काळे आडवे पट्टे, आणि चोंच जाड व भक्कम, वरून काळी, खालून शिंगाच्या रंगाची. नर व मादी पाहून ओळखणें कठीण. मादी किंचित् मोठी असते, इतकेंच.

खंड्या म्हटला कीं पाणी व मासे यांचीच आठवण होते. कूकाबुरास पाण्याची गरज जवळजवळ नाहीं. नाकतोडे, गांडुळें, सापसुरळ्या, बेडूक, उंदीर, लहान साप, प्रसंगीं दुसऱ्या पक्ष्यांचीं पिलें, असा त्याचा आहार आहे. आपला खंड्या देखील पाण्यापासून दूर, शेताच्या बांधावर किडे व सरडे टिपतांना दिसतो, हें ज्यांनीं पाहिलें असेल त्यांस याचें फारसें नवल वाटणार नाहीं.

त्याच्या शास्त्रीय नांवाची कथा मोठी मौजेची आहे. लॅटिन भाषेंत खंड्यास 'आल्सेडो' म्हणतात. १८१५ सालीं लीच नांवाच्या इंग्रज प्राणिशास्त्रज्ञानें त्याच शब्दाच्या अक्षरांची फिरवाफिरव करून 'डासेलो' असें नवें कुलनाम बनविलें. हा विद्वानांचा खेळ झाला. जातीचें नांव मात्र शुद्ध चुकीचें आहे. त्याचा अर्थ 'न्यू गिनीचा' असा होतो, आणि हा पक्षी न्यू गिनीच्या बेटावर राहतच नाहीं! सोनेरा नांवाच्या एका फ्रेंच प्रवाशानें १७७६ सालीं न्यू गिनीच्या प्रवासाचें पुस्तक छापलें, त्यांत या पक्ष्याचें वर्णन तेथलाच म्हणून दिलें. त्यावर विसंबून १७८३ सालीं हर्मान नामक पंडितानें तें नांव मुक्रर केलें. पुढें चूक उघडकीस आली, तरी शास्त्राच्या नियमाप्रमाणें पहिलें नांव टिकतें, म्हणून तें टिकलें. हाच सोनेरा हिंदुस्थानांतही येऊन गेला होता, आणि सह्याद्रीच्या रानांत आरवणाऱ्या करड्या रानकोंबड्याच्या शास्त्रीय नांवांत त्याचें नांव कायमचें जडलेलें आहे. छापील पुस्तकांतील एका वाक्यावर विसंबून फळ्यावर लिहिणारास ही कथा जरा झोंबते. आम्हांस ती झोंबण्याचें कारण पुढें येईलच.

छायाचित्राचें काम आम्हीं सोपें समजलों होतों. कूकाबुरा शहरांत सर्रास दिसतो, माणसास भीत नाहीं, आणि एका फांदीवर अर्धा-अर्धा तास पुतळ्यासारखा बसून राहतो. यापेक्षां आज्ञाधारक गिऱ्हाईक छायाचित्रकारास कोठें मिळणार? भावोजींनीं आपला लांब भिंगाचा कॅमेरा आमच्या हातीं दिला व कळा समजावून दिल्या. पहिल्या दिवशींचीं सर्व चित्रें फुकट गेलीं. मागचें रान काळोखें, पक्ष्याची छाती पांढरी; कॅमेरा सगळ्या देखाव्याच्या सरासरीनें उजेड मोजतो, त्यामुळें रान ठीक उमटलें आणि पक्ष्याच्या जागीं परटानें वाळत घातलेला रुमाल दिसूं लागला. उजेडाचें माप मुद्दाम दोन पायऱ्या कमी केल्यावर पिसें दिसूं लागलीं, तों दुसरी अडचण उभी राहिली. पक्ष्याचा डोळा गडद तपकिरी, आणि तो त्या तपकिरी पट्ट्यांतच बसविलेला. चित्रांत डोळाच सांपडेना, आणि डोळ्यावांचून पक्षी म्हणजे पेंढा भरलेला नमुना. सूर्य उगवून थोडा वर आला कीं, त्याचे तिरपे किरण समोरून तोंडावर पडतात, तेव्हां डोळ्यांत उजेडाचा एक कण चमकतो. ती वेळ ब्रिस्बेनमध्यें पहाटे सवापांच ते सहा. पुढें आम्ही त्याच वेळेस जाऊं लागलों.

पंखांवरील निळ्या ठिपक्यांनीं आम्हांस बरेंच शिकविलें. सावलींत ते राखी दिसत, उन्हांत वीज लागल्यासारखे निळे. याचें कारण असें कीं, खंड्यांच्या पिसांत निळा रंग म्हणून कांहीं भरलेला नसतो. पिसाच्या द्रव्यांत अतिशय सूक्ष्म अशा पोकळ्यांची जाळी असते, आणि तींत शिरलेल्या प्रकाशांपैकीं निळा भाग तेवढा परत फिरतो. तपकिरी रंग मात्र खरा रंग आहे. एखादें निळें पीस खलबत्त्यांत कुटलें तर निळी पूड मिळत नाहीं. जाळी मोडली कीं निळाई गेली. आपल्या खंड्याची निळी पाठही अशीच.

चार दिवस गेले, तरी मनाजोगें चित्र मिळेना. तेव्हां भाच्यानें युक्ति सुचविली. "मामा, कठड्यावर थोडा खिमा ठेवूं या. हाताच्या अंतरावर येऊन बसेल." त्या देशांत बागेंतल्या बार्बेक्यूच्या भोंवतीं हे पक्षी टपून असतात, आणि माणसाच्या हातांतील सॉसेज झडप घालून नेतात, हें आम्हीं स्वतः पाहिलें होतें. आम्हीं होकार दिला. चिमूटभर खिमा ठेवतांच पक्षी आला, आणि त्यानें जें केलें तें पाहून आम्ही थक्क झालों. सापास मारावें तसा त्यानें तो खिमा चोंचींत धरून कठड्यावर डावीकडे-उजवीकडे आपट आपट आपटला! भक्ष्य पकडलें कीं तें फांदीवर आपटून मारावयाचें व हाडें मऊ करावयाचीं, ही त्याची रीत. खिमा आधींच मेलेला आहे हें त्यास कोण सांगणार? त्या गडबडींत आम्हांस हवें तें चित्र मिळालें. पीस न् पीस मोजून घ्यावें असें स्वच्छ.

कुंपणापलीकडील शेजारी हें पाहत होते. सत्तरी उलटलेले, पूर्वी सुतारकाम केलेले गृहस्थ. ते रागावले नाहींत; त्यांनीं केवळ विचारलें कीं, त्या खिम्यांत हाड होतें काय? नव्हतें. मग ते म्हणाले, सापसुरळी गिळली तर हाडांसकट पोटांत जाते, खिम्यांत नुसतें मांस; आणि हा पक्षी तो घास स्वतः खातो कीं ढोलींतल्या पिलास नेतो, हें तुम्हांस कळणार नाहीं. वाढत्या पिलाची हाडें त्यावर पोसत नाहींत. शिवाय चार घरीं असा खिमा मिळूं लागला कीं पक्षी शिकार सोडतो, लठ्ठ होतो, रोगानें मरतो. एवढें बोलून ते आपल्या झाडांस पाणी घालूं लागले. आमच्या कानशिलांस जो चटका बसला तो आमच्या शाळेंतील कोणाही विद्यार्थ्यास ओळखूं येईल. दुसऱ्या दिवशीं पहाटे आम्हींच त्यांच्या दारीं गेलों, आणि त्यांनीं विशेष न बोलतां आम्हांस ओहोळापलीकडे नेलें.

एका जुनाट झाडाच्या बुंध्यावर, दोन पुरुष उंचीवर, वाळवीचें मोठें वारूळ चिकटलेलें होतें, आणि त्यास मुठीएवढें भोंक होतें. कूकाबुरा झाडाच्या ढोलींत घर करतो. ढोली न मिळाल्यास अशा वारुळांत चोंचीनें बीळ पाडतो. वाळवीही समंजस, आपल्या बाजूची भिंत लिंपून घेते आणि भाडेकरूस राहूं देते. आम्ही पंचवीस पावलांवर एका झुडुपाआड बसलों. त्यानंतरच्या नऊ पहाटा आमच्या तेथेंच गेल्या.

चार पक्षी आळीपाळीनें त्या भोंकाशीं येत होते. एकाच्या चोंचीचें टोंक थोडें तुटलेलें होतें. शेजाऱ्यांच्या सांगण्याप्रमाणें तो दोन वर्षांपूर्वीं याच वारुळांतून बाहेर पडलेला. दुसरा गेल्या वर्षींचा. म्हणजे दोन आईबाप आणि दोन थोरलीं भावंडें. पुस्तकांत वाचलेलें तें हें, आणि तें अक्षरशः खरें होतें. हीं थोरलीं मुलें अंड्यांवर बसतात, पिलांस भरवितात, हद्दीवर शत्रु आला तर हांसण्यांत व झुंजण्यांत भाग घेतात. असें एक वर्ष, कधीं चार वर्षेंही चालतें. तुटक्या चोंचीच्या पक्ष्यानें एकदां हातभर लांबीचा बारीक साप आणिला. तो फांदीवर आपटतांना होणारा आवाज आम्हांस स्पष्ट ऐकूं आला. मग साप तसाच लोंबकळत घेऊन तो भोंकाशीं गेला आणि रिकाम्या चोंचीनें परतला. झडप घालणाऱ्या पक्ष्याचें चित्र आम्हांस शेवटपर्यंत साधलें नाहीं. पुतळ्यासारखा बसलेला तो पक्षी केव्हां सुटतो हें कळतच नाहीं; बोट दाबेपर्यंत चित्रांत उरते ती हलणारी फांदी. अशा फांद्यांचीं साठ-सत्तर उत्तम चित्रें आमच्यापाशीं आहेत.

पांचव्या कीं सहाव्या दिवशीं भोंकाच्या तोंडाशीं दोन चोंची दिसल्या. आम्हीं आनंदानें शेजाऱ्यांस दाखविल्या व विचारलें, अंडीं बहुधा किती असतात? "तीन," ते म्हणाले, आणि थोड्या वेळानें, "तिसऱ्याचें बहुधा खरें नसतें. तीं दोघें त्यास मारतात."

आमचा विश्वास बसला नाहीं. रात्रीं भाच्याच्या संगणकावर शोध केला, तेव्हां सारा लेग या विदुषींचें संशोधन हातीं आलें. कॅनबेरा येथील राष्ट्रीय विद्यापीठांत असतां त्यांनीं कूकाबुराच्या कुटुंबांचा बारकाईनें अभ्यास केला व तो २००० सालीं प्रसिद्ध झाला. त्याचें सार असें. मादी अंडीं एकाच दिवशीं घालीत नाहीं. एक घातल्यावर दुसरें घालण्यास दिवस, दोन दिवस जातात. उबविणें मात्र पहिल्या अंड्यापासून सुरू होतें. त्यामुळें पहिलें पिलूं आधीं बाहेर येतें आणि तिसरें सर्वांत मागाहून, सर्वांत लहान. या पिलांच्या वरच्या चोंचीच्या टोंकास जन्मतःच एक अणकुचीदार आंकडी असते. त्या आंकडीनें थोरलीं पिलें पहिल्या कांहीं दिवसांत धाकट्यास चावतात, झोडपतात, आणि पुष्कळदां तें मरतें. कित्येकदां तें मार न खातां, केवळ घास न मिळाल्यानें मरतें. आईबाप मध्यें पडत नाहींत. महिन्याहून थोडें अधिक वय होऊन पिलें घरट्याबाहेर येतात, तोंपर्यंत ती आंकडी गेलेली असते.

आणि मदतनीस भावंडांविषयीं? त्यांच्या संख्येनें जगणाऱ्या पिलांची संख्या वाढते, असें आढळलें नाहीं. मदतनीस वाढले कीं प्रत्येकाच्या वाट्याचे कष्ट कमी होतात, आईबापांचेही होतात. हीं तरुण पाखरें घरीं कां राहतात याचें एक कारण असें सांगतात कीं, बाहेर हद्दी सर्व भरलेल्या असतात. जागा मोकळी होईपर्यंत बापाच्या जमिनीवर राहणें शहाणपणाचें असतें. हेंही आपल्याकडे अपरिचित नाहीं.

त्या रात्रीं आम्हांस झोंप लागली नाहीं. तुटक्या चोंचीचा तो पक्षी डोळ्यांपुढून हलेना. दोन वर्षांपूर्वीं त्या वारुळांत त्याच्याही चोंचीस आंकडी होती. त्यानें त्या वेळीं काय केलें, कोण जाणे; आज तो साप आणून भरवीत होता. दोन्ही गोष्टी एकाच चोंचीनें होतात, आणि आम्हीं वर्गाच्या फळ्यावर त्यांतली एकच लिहिली होती. ताईनें सकाळीं विचारलें, "आज नाहीं का जायचें तुला?" आम्ही गेलों. गेल्यावर पाहिलें तों चौघेही नित्याप्रमाणें ये-जा करीत होते, आणि भोंकाच्या तोंडाशीं दोनच चोंची होत्या. अंडीं मुळांत तीन होतीं कीं दोन, हें विचारण्यास तेथें कोणी नव्हतें.

सुटी संपून शाळा भरली. आठवीच्या वर्गांत आम्हीं चित्रें भिंतीवर मोठीं करून दाखविलीं. खिम्याचें चित्र प्रथम, आणि तें कसें मिळविलें तेंही सांगितलें. मुलें पोट धरधरून हांसलीं. मग कुटुंबाचें. खरें सांगावयाचें तर दोन चोंचींच्या चित्रापाशीं थांबून पुढें मौन पाळावें, असा मोह आम्हांस झाला होता. निबंधाच्या वह्या तपासून झाल्या होत्या. सर्वांनीं फळ्यावरचा दाखला आपापल्या शब्दांत सुरेख लिहिला होता. परंतु चित्रें दाखवितांना 'अंडीं बहुधा तीन' हें वाक्य आमच्या तोंडून निसटलें, आणि पहिल्या बांकावरील एक मुलगी उभी राहिली. धाकट्या भावास अंगणवाडींत पोंचवून येते, म्हणून तिला रोज पांच मिनिटें उशीर होतो. तिनें विचारलें, "सर, मग तिसरें कोठें आहे?"

आम्हीं सर्व सांगितलें. वर्ग बराच वेळ शांत होता. एकानें विचारलें, "आई कां सोडवीत नाहीं?" दुसरा म्हणाला, "त्यांना कळत नसेल, सर, लहान असतात." ज्या मुलानें पूर्वीं चेंडू म्हणून उत्तर दिलें होतें, त्यानें व्यवहाराचा प्रश्न काढला: "मग निबंधांतलें खोडायचें काय?" आम्हीं म्हटलें, खोडूं नका, तें खरेंच आहे, खालीं राहिलेलें लिहा. त्या मुलीनें वहींत काय लिहिलें तें आम्ही येथें सांगत नाहीं, कारण तिनें वही मिटून दिली व 'वर्गांत वाचूं नका' म्हणाली.

पुढच्या आठवड्यांत आठ-दहा जण मधल्या सुटींत शाळेच्या विहिरीपाशीं खंड्या पाहूं लागले. तो काय खातो याची त्यांनीं टिपणवही केली असून तींत आजवर सरडे पांच, नाकतोडे पुष्कळ, आणि मासा एकही नाहीं, अशी नोंद आहे. दोन चोंचींचें तें चित्र विज्ञानाच्या खोलींत लाविलें आहे. त्याखालील ओळी मुलांनींच ठरविल्या व सुवाच्य अक्षरांत लिहिल्या: "कूकाबुरा. ब्रिस्बेन, नोव्हेंबर २०२४. वारुळांत दोन पिलें. तिसरें होतें कीं नव्हतें, तें समजलें नाहीं."